तेरा गुणिले सत्त्याण्णव

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, माझ्या नऊ वर्षांच्या नातीने मला चारचौघांत ‘नाही’ म्हटले. तशी गोष्ट किरकोळ होती. माझे दोन जुने स्नेही फराळाला आले होते. या नातीला कोणतीही तारीख सांगावी आणि तिने क्षणभर छताकडे पाहून त्या दिवशीचा वार सांगावा, असा एक विलक्षण प्रकार आहे. तो तिला कोणी शिकवला नाही, आणि कसा येतो हे तिला धड सांगताही येत नाही. चकलीचा तुकडा मोडीत मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “ये गं, या आजोबांचा जन्म कोणत्या वारचा ते सांग बघू!” ती दारात उभी होती, हातात फुलबाज्यांचा पुडा होता. “आज नको, आजोबा,” एवढेच म्हणून ती अंगणात पळाली. स्नेही हसले, मीही हसलो. पण मला राग आला होता. आणि रात्री पाठ टेकली तरी तो उतरला नव्हता.

मी आयुष्यभर दिवाणी कोर्टात वकिली केली. दुसऱ्याचा राग खरा कशाचा आहे हे ओळखण्यावरच माझे पोट भरले. तेव्हा स्वतःच्या रागाची उलटतपासणी मला जड जाऊ नये. मुलगी उद्धटपणे बोलली नव्हती. स्नेह्यांचा काही अपमान झाला नव्हता. मला जे वाटले ते सरळ सांगायचे तर असे: आपल्या कपाटातली वस्तू काढायला जावे आणि कपाटाला दुसऱ्याचे कुलूप दिसावे. म्हणजे तिचे ते वार सांगणे मी गुपचूप माझ्या मालमत्तेत जमा करून बसलो होतो!

तेव्हापासून वर्षभर अशा मुलांच्या हकीकती मी मिळतील तेथून वाचीत आलो. त्यांतल्या एका मुलाने मला फार छळले. त्याची हकीकत सांगतो.

अमेरिकेतल्या व्हर्माँट प्रांतात कॅबट नावाचे एक खेडे आहे. तेथे १ सप्टेंबर १८०४ रोजी झेरा कोलबर्न जन्मला. बाप अबिया शेतकरी, सुतारकामही करी. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, पैसा बेताचा. मुलाच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती, आणि तशीच ती बापाच्याही हातांना होती. या बोटांपलीकडे मुलात काही विशेष आहे असे कोणाला वाटले नव्हते. उलट तो जरा मंदच समजला जाई. १८१० च्या ऑगस्टात, गावच्या शाळेत जेमतेम दीड महिना काढलेला हा मुलगा बापाच्या बाकाजवळ ढलप्यांत खेळत होता, आणि खेळता खेळता आपल्याशीच गुणाकार पुटपुटत होता. बापाला नवल वाटले. ऐकून ऐकून पाढे तोंडी बसले असतील, म्हणून त्याने मुद्दाम आडवा प्रश्न टाकला: तेरा गुणिले सत्त्याण्णव? मुलाने तत्काळ सांगितले, बाराशे एकसष्ट.

तेराशेतून एकोणचाळीस वजा केले की झाले, असे आपण आता म्हणू. पण सहावे वर्षही पुरे न झालेल्या, अक्षरओळख न झालेल्या पोराच्या तोंडून हा आकडा निघाला तेव्हा त्या बाकाजवळ दोन गोष्टी एकदम जन्मल्या असाव्यात: एका बापाचा अभिमान आणि एका ओढग्रस्त घराची आशा. यांतली कोणती पापी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढचे सारे वेगाने घडले. बापाने मुलाला घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. लोक पैसे देऊन पाहायला येत. डार्टमथ कॉलेजच्या अध्यक्षांनी मुलाच्या शिक्षणाचा भार उचलण्याची तयारी दाखवली. बापाने ती नाकारली. बोस्टनच्या काही सद्गृहस्थांनी ५००० डॉलर उभे करून निम्मे बापाला आणि निम्मे मुलाच्या शिक्षणाला द्यावे अशी योजना मांडली, तीही फिसकटली. १८१२ साली बापलेक जहाजात बसून इंग्लंडला गेले. आई आणि बाकीची मुले कॅबटच्या शेतावर मागे राहिली.

लंडनमध्ये या आठ वर्षांच्या मुलाला आठाचा सोळावा घात विचारला, त्याने २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ असा एकेक अंक सांगितला. दुसरा एक प्रश्न तर गणिताच्या इतिहासातला होता. फेर्मा या थोर गणितज्ञाने ज्या प्रकारच्या संख्या अविभाज्य असाव्यात असे मानले होते, त्यांतली एक ४,२९,४९,६७,२९७. तिला ६४१ ने भाग जातो हे १७३२ साली ऑयलरने दाखवले, तेव्हा कोठे फेर्माची चूक कळली. झेराला ही संख्या घातली. त्याने ६४१ हा भाजक सांगितला. हिशेब करताना त्याचे अंग पिळवटून निघे, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. ‘कसे करतोस?’ असे विचारले, की त्याला सांगता येत नसे.

ते त्याला सांगता आले एका रात्री. १८१३ चा डिसेंबर, एडिंबरो शहर. मुलगा मध्यरात्री जागा झाला आणि बापाला म्हणाला, की भाजक मी कसे शोधतो ते आता मला सांगता येईल. बाप उठला, दिवा लावला, आणि मुलगा सांगेल तसे उतरून घेऊ लागला. संख्येचे शेवटचे दोन अंक पाहायचे. कोणत्या कोणत्या जोड्यांचा गुणाकार त्या दोन अंकांत संपतो त्या साऱ्या जोड्या त्याच्या मनात हजर असत. मग एकेक जोडी लावून पाहायची. मोठ्या गुणाकारांतही त्याची अशीच एक खुबी होती. २१,७३४ ला ५४३ ने गुणायचे असेल तर तो तीन आधीच पहिल्या संख्येत घालून घेई आणि ६५,२०२ ला १८१ ने गुणी, उत्तर १,१८,०१,५६२.

ही एडिंबरोची रात्र मला पुनःपुन्हा दिसते. परक्या शहरातली भाड्याची खोली, हिवाळा, आणि नऊ वर्षांच्या मुलाचे शब्द टिपून घेणारा, फारसा न शिकलेला शेतकरी. येथे मला अबियाविषयी वाईट बोलवत नाही. त्याला मुलाची मिळकत हवी होती, हे खरे. पण मुलाचे ऐकायलाही तो मध्यरात्री उठला. पुढे वेस्टमिन्स्टरच्या शाळेत वरच्या वर्गातली मुले लहानांना राबवून घेत आणि मारीत, तेव्हा याच बापाने त्याविरुद्ध भांडण मांडले. लोभ आणि माया एकाच ताटात जेवतात. कोणता घास कोणाचा हे घरातल्यांनाही कळत नाही.

त्या प्रदर्शनांत मात्र मला एक गोष्ट खुपते, आणि ती बापापेक्षा प्रेक्षकांची आहे. मुलाला प्रश्न घालणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीच कागदावर लिहिलेले असे! तसे नसेल तर उत्तर बरोबर की चूक हे कळणार कसे? म्हणजे त्या एवढ्या गर्दीत उत्तर हवे असलेला मनुष्य एकही नव्हता. मुलगा अंग पिळवटून जे काढून देई, ते घेणाऱ्याच्या जवळ आधीपासूनच होते. विहिरीला पाणी आहे का पाहायला गावाने रोज शंभर घागरी उपसाव्यात आणि एकानेही पाणी पिऊ नये, तसला हा प्रकार.

याहून कडू उदाहरण टॉमस फुलरचे आहे. हा आफ्रिकेत जन्मला आणि चौदा वर्षांचा असताना गुलाम म्हणून अमेरिकेत विकला गेला. व्हर्जिनियात एका मळ्यावर त्याचा जन्म गेला. लिहिणे-वाचणे त्याला कधी शिकवले नाही. त्याच्या म्हातारपणी दोन गृहस्थ त्याला पाहायला गेले. सत्तर वर्षे, सतरा दिवस, बारा तास जगलेला मनुष्य किती सेकंद जगला, असे त्यांनी विचारले. फुलरने सांगितले: २,२१,०५,००,८००. कागदावर हिशेब करणारा गृहस्थ म्हणाला, चूक, एवढे नाहीत. म्हातारा म्हणाला, की तुम्ही लीप वर्षांचे दिवस धरायला विसरलात. हिशेब पुन्हा केला तेव्हा गुलाम बरोबर आणि साहेब चूक निघाले. १७९० साली, ऐंशीच्या घरात, तो गुलामच मेला. त्याच्या मालकिणीला त्याच्याबद्दल पुष्कळ पैसे देऊ केले होते, पण तिने त्याला विकले नाही. येथे ‘ही देणगी कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या दप्तरात लेखी होते: मालकिणीची. फुलरचे हात जसे तिचे, तसा त्याचा गुणाकारही तिचाच. हे वाचून आपण हळहळतो. पण माझ्या कपाटाचे कुलूप मला आठवले, आणि हळहळायचा अधिकार आपल्याला कितपत आहे अशी शंका आली.

कोणी म्हणेल, लेकराला जन्म देणाऱ्याची, वाढवणाऱ्याची तुलना गुलामाच्या मालकिणीशी? आपल्याकडे तर मनुष्य ऋण घेऊनच जन्माला येतो असे सांगितले आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे. मग बापाने मुलाच्या गुणावर चार पैसे मिळवले तर बिघडले काय? युक्तिवाद वजनदार आहे. पण मी वकील आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाने केलेला करार मुळात करारच नव्हे. त्याला त्याने बांधता येत नाही. ऋण असेलही; पण ते फेडायला ऋणको सज्ञान व्हावा लागतो. पाळण्याशी वसुलीला उभा राहणारा सावकार कोणत्याही धर्मात बसत नाही.

तर मग मुलाला काही शिकवायचेच नाही? चार वर्षांच्या पोराला तंबोऱ्यापुढे बसवणारे गुरू, तालमीत नेणारे वस्ताद, हे सारे दोषी? तसे मला म्हणायचे नाही. शिकवताना मूल घेत असते. दाखवताना ते देत असते. झेराला सहाव्या वर्षापासून हजारो प्रश्न विचारले गेले, पण शिकवायला कोणी बसेपर्यंत तो जवळजवळ दहा वर्षांचा झाला. पॅरिसच्या शाळेत काही दिवस गेले. मग ब्रिस्टलच्या अर्लच्या आश्रयाने १८१६ ते १८१९ वेस्टमिन्स्टरला. आश्रयदात्याची पुढची योजना बापाला पटली नाही, तेथेही बिनसले. मग बापाने त्याला नट करून पाहिले. ते जमले नाही तेव्हा झेराने शिक्षकी केली. या सुमारास टॉमस यंग या शास्त्रज्ञासाठी त्याने खगोलाचे काही हिशेब केले. हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात. मी तेथे थांबलो. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी झेराला असा हिशेब घातला होता, की ज्याचे उत्तर विचारणाऱ्याजवळ नव्हते आणि त्याला ते हवे होते.

पण तोवर ती शक्ती ओसरू लागली होती. १८२४ साली बाप लंडनला वारला. मुलगा बारा वर्षांनी अमेरिकेला आईकडे परतला. पुढे मेथॉडिस्ट पंथाचा फिरता धर्मोपदेशक झाला, संसार केला, १८३५ पासून व्हर्माँटमधल्या नॉर्विच येथे भाषांचा प्राध्यापक होता. गणिताचा नव्हे, भाषांचा! २ मार्च १८३९ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो वारला. त्याआधी १८३३ मध्ये त्याने आत्मचरित्र छापले होते. ते ‘मी’ने लिहिलेले नाही, झेरा असे करी, झेराला असे विचारले, अशा रीतीने, एखाद्या दुसऱ्याच मुलाची हकीकत सांगावी तसे लिहिले आहे. बापाविषयी त्यात कडवटपणा नाही.

त्याची हकीकत सांगणारे बहुतेक सारे शेवटी एकच सुस्कारा टाकतात: वाया गेला. आणि लगेच दाखला देतात तो जॉर्ज बिडरचा.

बिडर १८०६ साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात जन्मला. बाप गवंडी. थोरल्या भावाने शंभरापर्यंत मोजायला शिकवले. पुढचे याने गोट्या-खड्यांच्या ओळी मांडून आपले आपण शोधले. यालाही बापाने जत्रांतून मिरवले. यालाही थोरामोठ्यांनी शाळेत घातले आणि बापाने काढून पुन्हा रस्त्यावर आणले. येथवर दोन्ही मुलांची कुंडली एकच. १८१८ मध्ये डर्बी येथे दोघांना समोरासमोर बसवून झुंजवलेही. बाजी बिडरने मारली असे लोकांनी ठरवले. पुढे एडिंबरोच्या सर हेन्री जार्डिन आणि त्यांच्या मित्रांनी नेट धरला आणि तो विद्यापीठात शिकला. इंजिनिअर झाला, रेल्वे बांधल्या, लंडनची व्हिक्टोरिया गोदी बांधली, इंजिनिअरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. रेल्वेच्या विधेयकांवर पार्लमेंटच्या समित्यांपुढे तो साक्षीला उभा राहिला, की विरुद्ध बाजूच्या वकिलांना घाम फुटे; त्यांचे आकडे तो उभ्या उभ्या तपासून खोडून काढी. (अशा साक्षीदाराची उलटतपासणी माझ्या वाट्याला आली नाही, ही देवाची कृपा.) त्याची शक्ती शेवटपर्यंत टिकली. १८७८ मध्ये मृत्यूच्या दोन दिवस आधी गप्पांत प्रश्न निघाला: तांबड्या प्रकाशाच्या इंचभरात ३६,९१८ लहरी आणि वेग सेकंदाला १,९०,००० मैल धरला, तर सेकंदात डोळ्यावर किती लहरी पडतील? स्नेही पेन्सिल शोधत होता. म्हातारा म्हणाला, राहू दे. आणि ४४,४४,३३,६५,१२,००,००० हा आकडा सांगून टाकला.

बिडर मला आवडतो. त्याने १८५६ मध्ये आपली रीत उघड करून सांगितली: डावीकडून गुणावे, म्हणजे मोठा भाग आधी पदरात पडतो आणि मनात एका वेळी एकच आकडा सांभाळावा लागतो. तरी त्याचा दाखला देऊन झेराला ‘वाया गेला’ म्हणणे मला पटत नाही. वाया कोणाच्या हिशेबाने? जो पाच-सहा वर्षांचा असताना उठून लोकांच्या खिशातली उत्तरे लोकांना देत फिरला, त्याने मोठेपणी ते सोडले, मुलांना भाषा शिकवल्या, रविवारी प्रवचन केले. तिकीट काढलेल्यांचे नुकसान झाले असेल. पण त्याचे काय झाले हे त्याला कोणी विचारले? गुण ज्याचा, त्याला तो वापरण्याचा हक्क आहे असे आपण तोंडाने म्हणतो. पण हक्क खरा असेल तर तो टाकून देण्याचाही असलाच पाहिजे. नाहीतर तो हक्क नव्हे, वेठ आहे. झेराची सहावी बोटे त्याची होती यावर कोणी वाद घातला नाही. तेरा गुणिले सत्त्याण्णव मात्र सगळ्यांचे झाले.

आपल्याकडच्या शकुंतलादेवींचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९२९ साली बंगळूरला जन्म; वडील सर्कशीत काम करणारे. मुलीची आकड्यांची शक्ती पत्त्यांच्या खेळात लक्षात आली, आणि वडिलांनी सर्कस सोडून तिचे प्रयोग सुरू केले; शाळा अशी घडली नाही. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी दोन तेरा-अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच १९८० साली त्या लोकसभेच्या निवडणुकीला उभ्या होत्या, त्यातही एक जागा दक्षिण मुंबईची. आणि १९७७ मध्ये त्यांनी समलिंगी माणसांविषयी, त्यांची बाजू समजून घेणारे पुस्तक लिहिले होते, जेव्हा आपल्याकडे तो शब्दही कोणी उच्चारीत नसे. म्हणजे या बाईला जगाला आणखी काही सांगायचे होते. जग मात्र घनमूळ विचारीत राहिले. १९८८ मध्ये आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा साध्या, प्राथमिक चाचण्यांत त्यांचा वेग चारचौघांसारखाच निघाला. २०१३ साली त्या वारल्या.

आता एक कबुली द्यायची राहिली. लहानपणी मीही दाखवला जात असे. दशमान नाणी यायच्या आधीचे ते दिवस. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी अशी चढत चढत आमची गाडी औटकीपर्यंत जाई, आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, न अडखळता म्हणणारे पोर आमच्या आळीत मी एकटा. दिवाळीला ओसरीवर पाहुणे बसले की वडील हाक मारीत, आणि पाठीवर त्यांचा हात ठेवून मी सुरू होई. सात औटे साडेचोवीस येथे पाहुण्यांच्या माना डोलत. मला ते आवडत नसे असे मी म्हटले तर खोटे होईल. फार आवडे. पण आवडे तो पाठीवरचा हात; एरवी तो हात पाठीवर क्वचितच येई. माझ्या नातीच्या पाठीवर मी हात ठेवला होता का, हे आठवून पाहतो. नव्हता. माझ्या हातात चकली होती.

यंदा पाडव्याला ती येणार आहे, आणि ते दोघे स्नेहीही. आमच्या घरातून मला आधीच बजावून ठेवले आहे, की पाहुण्यांना काही ऐकवायचेच असेल तर तुम्हीच आपली औटकी म्हणून दाखवा. काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणून पाहिली. सातापर्यंत येते.